हातची गेलेली गिटार : प्रस्तावना

गिटारींवरच्या मराठी पुस्तकाची प्रस्तावना मोहालीत बसून का लिहायची, हा प्रश्न रास्त आहे. पंजाबी गाण्यांचे कितीतरी स्टुडिओ इथे आहेत आणि गिटारवाल्याला या गावात कामाची ददात नाही, हे एक उत्तर झालं. खरं उत्तर वेगळं आहे. मोहालीचा रस्ता ओलांडला की चंडीगढ लागतं, आणि भंगाराच्या भावात काढून टाकलेल्या वस्तूंसाठी इतकी जाहीर, इतकी सरकारी हळहळ करणारं दुसरं शहर मला माहीत नाही. तिथे हातातून गेल्या त्या खुर्च्या, या पुस्तकात गेल्या त्या गिटारी. दोन्हींचं दुखणं एकच आहे असं मला वाटतं, म्हणून संपादकांना हो म्हटलं.

पुस्तकातले लेख वाजवणाऱ्यांनी लिहिले आहेत आणि त्यांत दोन जाती लगेच ओळखू येतात. काहींकडे चांगली गिटार होती आणि त्यांनी ती विकली. कोणी घरातल्या लग्नासाठी, कोणी फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यासाठी, कोणी कीबोर्डचं वारं आलं म्हणून, तर कोणी नुसता कंटाळा आला म्हणून. बाकीच्यांच्या समोर गिटार आली, किंमत सांगितली गेली, आणि ते ‘उद्या कळवतो’ म्हणाले. विकणाऱ्यांचं दुःख मला खरं वाटतं. न घेणाऱ्यांच्या दुःखाबद्दल मात्र शंका आहे, आणि पुढचं बरंचसं लिखाण त्या शंकेपोटी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आज मोबाइलवर बोट ठेवून गिटार मागवणाऱ्या वाचकाला ती ठाऊक असेलच असं नाही. १९९१च्या आधी परदेशी गिटार दुकानात जाऊन विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. आयातीचे परवाने, परकीय चलनाची चणचण, आणि त्यातून काही सुटून आलंच तर जबर जकात. मुंबईत धोबी तलावाजवळ १८६५पासून चालत आलेलं फुर्टाडोसारखं दुकान होतं, पण देशाची दारंच बंद असली तर दुकानदार तरी काय करणार? चांगली गिटार यायची ती माणसांबरोबर. बोटीवर नोकरी करणारा गोव्याचा खलाशी घेऊन यायचा, आखातातून सुट्टीवर आलेला भाऊ आणायचा, बदली होऊन मायदेशी निघालेला एखादा दूतावासातला साहेब जाता जाता विकून जायचा. बाकीची जनता कलकत्त्याच्या गिव्हसन गिटारींवर बोटं सोलून घेत शिकली.

मोठ्या वादकांचीही वाद्यं नोंदली गेली नाहीत. अमृतसरला जन्मलेले भूपिंदर सिंग दिल्ली आकाशवाणीवरून मुंबईला आले, मदनमोहन यांनी त्यांना ‘हकीकत’मध्ये गायला लावलं, आणि ‘दम मारो दम’मधली गिटार त्यांची, हे आता सगळे सांगतात. पण त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांवर वाजवणाऱ्याचं नावच नसायचं. त्याच्या हातातलं वाद्य कुठल्या कंपनीचं, कुठल्या सालचं, हे लिहून ठेवायचं कोणाला सुचणार? म्हणून आपल्याकडची हुकलेली गिटार आठवणीत असते ती पुष्कळदा नावगावाशिवाय. लाल होती, जड होती, मान सडपातळ होती, एवढंच. बाकीचं कंपनी-मॉडेल-साल नंतर, किमती वाचून, तिला चिकटवलेलं असतं. या पुस्तकातही एक-दोन ठिकाणी मला तसा वास आला. संपादकांनी ते लेख ठेवले, हे बरंच केलं.

किमतींची गोष्ट निघाली की १९५९ सालच्या गिब्सन लेस पॉलकडे यावंच लागतं. लालसर-पिवळ्या छटेची ही गिटार १९५८ ते १९६० या काळात बनली, साधारण १,७०० नग किंवा त्याहून थोडे कमी. किंमत अडीचशे-पावणेतीनशे डॉलर. खपेना, म्हणून कंपनीने तिचा आकारच बदलून टाकला. मग १९६६ला जॉन मेयॉलच्या संचात एरिक क्लॅप्टनने तीच जुनी गिटार मोठ्या आवाजात वाजवली आणि इंग्लंडमधली पोरं वेडी झाली. क्लॅप्टनची ती गिटार त्याच वर्षी चोरीला गेली, आजवर सापडलेली नाही. आज त्या तीन वर्षांतल्या एखाद्या चांगल्या नगाला अडीच-तीन लाख डॉलर आणि त्याहून पुष्कळ जास्त पडतात. गिटारवाल्यांत एक विनोद चालतो: बनल्या होत्या त्यापेक्षा जास्त आज शिल्लक आहेत.

आता हिशोब करू. ज्याने १९६२-६३ साली ती गिटार दुकानात बघितली आणि घेतली नाही, त्याचं नेमकं काय गेलं? तो म्हणतो, तीन लाख डॉलर गेले. पण तेव्हा त्या गिटारीला तेवढी किंमत असती तर ती त्याच्यासमोर टांगलेलीच नसती. घेतली असती तरी पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्याने ती सांभाळली असती याचा काय भरवसा? तो भाड्याच्या खोल्या बदलणार होता, लग्न करणार होता, एकदा तरी पैशाच्या अडचणीत येणार होता. आणि मुख्य म्हणजे ज्यांनी घेतली त्यांतल्या अनेकांनी तिला नवा रंग दिला, पिकअप बदलले, मान मोडली, विकली, हरवली, म्हणून तर उरलेल्यांना भाव आला. सगळ्यांनीच शहाणपणाने जपून ठेवली असती तर आज ती कुठल्याही जुन्या गिटारीच्या किमतीला मिळाली असती. ही हळहळ आपल्याला घरातूनच माहीत आहे. पुण्यातल्या कुठल्याही कुटुंबात विचारा, वडिलांना कोणीतरी सांगत होतं की कोथरूडला प्लॉट घ्या, आणि वडील म्हणाले होते, एवढ्या लांब कोण राहणार? चंडीगढमध्ये हाच संवाद मोहालीच्या प्लॉटबद्दल ऐकू येतो. न घेतलेल्या जमिनीचं दुःख पैशाचं असतं हे सगळे उघड कबूल करतात. गिटारीच्या बाबतीत ते सुरांच्या नावाखाली सांगितलं जातं, एवढाच फरक.

खुर्च्यांची हकिगत सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे हा हिशोब एका अख्ख्या शहराने केला.

फाळणीत लाहोर गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. नवं शहर उभारायला वास्तुकार ले कोर्बुझिए आला. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे, आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हे इंग्रज दांपत्य. कोर्बुझिए येऊन-जाऊन असे. राहिला तो जानरे, १९५१ ते १९६५. दोन वर्षांनी जिनिव्हात तो वारला, आणि पुढे त्याची रक्षा सुखना तलावात सोडण्यात आली. तर सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, विद्यापीठ, वाचनालय, वसतिगृहं अशा इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि त्यांत बसायला काही नव्हतं. हजारांनी फर्निचर पुरवणारा कारखाना जवळपास कुठे? मग जानरे आणि युली चौधरींसारख्या त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी आराखडे काढले आणि ते स्थानिक सुतारांकडे दिले. सागवान आणि शिसम, बसायला आणि टेकायला वेताची वीण, उलट्या ‘व्ही’सारखे भक्कम पाय. डोकं लावलं होतं ते टिकाऊपणात आणि दुरुस्तीच्या सोयीत. वेत फाटला तर पुन्हा विणता यावा. वेगवेगळ्या सुतारांनी केल्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या मापाला तंतोतंत जुळतात असंही नाही. आणि प्रत्येक नगावर ठसठशीत रंगात खात्याचं नाव आणि नंबर, कारण डेडस्टॉक रजिस्टरला तो हवा असतो.

पुढे जे झालं ते कुठल्याही सरकारी कचेरीत होतं. वेत फाटला, पुन्हा विणला गेला नाही. फोमच्या गाद्यांच्या फिरत्या खुर्च्या आल्या, प्लास्टिकच्या आल्या. जुन्या खुर्च्या आधी व्हरांड्यात, मग जिन्याखाली, मग गच्चीवर उन्हापावसात. शेवटी कोणीतरी फाइल हलवली, माल कंडम ठरला, लिलाव झाला. बोली लावायला कबाडी असत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यात पॅरिसचे काही दलाल दिसू लागले. एरिक तुशालोम हे त्यांतलं गाजलेलं नाव. त्याने पुढे या फर्निचरवर जाडजूड पुस्तकही काढलं. ही मंडळी उघड लिलावात पैसे मोजून, पावत्या घेऊन माल नेत होती. पॅरिसला तो पुन्हा घासला गेला, विणला गेला, पांढऱ्या भिंतीसमोर ठेवून त्याचे फोटो निघाले, आणि मग लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत एकेका खुर्चीला लाखांत रुपये पडू लागले. शहराचा नकाशा ओतलेली गटाराची लोखंडी झाकणंसुद्धा तिकडे विकली गेली. गटाराचं झाकण! चंडीगढला जाग आली ती इथे.

फेब्रुवारी २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वस्तू विकायला मनाई केली. समिती नेमून मोजदाद झाली. १२,७९३ वस्तूंची यादी तयार झाली. तरीही परदेशातल्या लिलावांत चंडीगढचं फर्निचर येतच राहिलं, आणि दर वेळी इथून पत्रं जातात. कायद्याचा उपयोग होत नाही, कारण १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना संरक्षण देतो. १९५५ची खुर्ची त्या कायद्याच्या नजरेत अजून नुसतं जुनं सामान आहे. १९५९ची गिटारही.

अमेरिकन कलावंत एमी सीगल हिने यावर २०१३ला ‘प्रोव्हेनन्स’ नावाचा चित्रपट केला. तो उलटा जातो. आधी श्रीमंतांच्या घरांत आणि नौकेवर ठेवलेल्या खुर्च्या, मग लिलाव, मग दुरुस्तीची कारखानदारी, मग बंदर, आणि शेवटी चंडीगढच्या कचेऱ्यांतले ढिगारे. गंमत अशी की तिने नंतर तो चित्रपटच लंडनला लिलावात काढला. आमच्या भागात या विषयावर तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येकाने तो बघावा, कारण त्यात कोणी खलनायक सापडत नाही.

फाइल हलवणाऱ्या कारकुनाला मूर्ख म्हणण्याची इथे पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्याच्यासमोर होती ती वेत फाटलेली, एक पाय डुगडुगणारी खुर्ची. तिचं त्या दिवशीचं मोल त्याने बरोबर लावलं. लाखांची किंमत त्या लाकडात लपलेली नव्हती. ती पॅरिसमध्ये तयार झाली, दुरुस्तीतून, पुस्तकातून, फोटोंतून आणि खुर्च्या दुर्मिळ होत गेल्या त्यातून. चूक त्याच्या आधीच्या माणसाची, ज्याने वेत पुन्हा विणून घेतला नाही. विणकराची मजुरी वाचवली आणि पुढचं सगळं रामायण घडलं. चंडीगढचं खरं नुकसान कुठल्या लिलावाच्या यादीत दिसायचं नाही. विशिष्ट उंचीच्या खिडकीशी, विशिष्ट रुंदीच्या टेबलाशी मेळ घालून केलेली बसायची जागा गेली आणि त्या खोल्यांत आता कुठूनही आणलेलं काहीही ठेवलेलं असतं. हे दुःख वापराचं आहे. गिटार विकणाऱ्यांचं दुःखही मला याच जातीचं वाटतं. ज्या वाद्यावर हात तयार झाला त्याच्या मानेची जाडी बोटांना पाठ असते. ते गेलं की पुढच्या प्रत्येक गिटारीवर बोटं थोडी अडखळतात. पुस्तकातल्या विकणाऱ्यांनी हे फार चांगलं लिहिलं आहे. किंमत त्यांतल्या बहुतेकांनी शेवटी, ओझरती सांगितली आहे.

गिटारींचा आणि खुर्च्यांचा बाजार एका बाबतीत मात्र अगदी विरुद्ध चालतो, आणि ती गंमत नोंदवायला हवी. जानरेची खुर्ची घासून, पॉलिश करून, नव्याने विणून विकली तरी चालते. जुन्या गिटारीला नवा रंग दिलात तर किंमत निम्म्यावर येते. एखादा स्क्रू बदलला, खुंट्या बदलल्या, तरी घासाघीस सुरू. म्हणजे ज्याने वाद्य नीट वाजावं म्हणून खर्च केला त्याला दंड, आणि ज्याने ते पलंगाखाली पेटीत ठेवून विसरून टाकलं त्याला बक्षीस.

मिरजेच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचं सोडून सतार-तंबोरे करायला घेतले, आणि २०२४ला मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे जुना तंबोरा येतो तो विकायला कमी, दुरुस्तीला जास्त. घोडीची जवारी झिजलेली असते, ती पुन्हा काढायची. भोपळ्याला तडा गेला तर सांधायचा. खुंटी सैल झाली तर नवी बसवायची. या दुरुस्त्यांनी वाद्याची अब्रू जात नाही. गुरूकडून शिष्याकडे आलेल्या तंबोऱ्यात मूळचं किती उरलंय हे कोणी विचारत नाही, तो लागतो कसा हे विचारतात. जुन्या वाद्याकडे बघायची ही रीत आपल्याजवळ असताना आपण गिटारीपुरते अमेरिकन दलालांचे नियम का उचलले, हे मला कळलेलं नाही.

नावांचा प्रश्नही आहेच. फेंडर या गिटार-कंपनीच्या कारखान्यात १९५०च्या दशकात टाडेओ गोमेझ नावाचा कामगार मानेला आकार द्यायचा आणि टोकाला पेन्सिलीने आपली आद्याक्षरं लिहायचा. आज ती दोन अक्षरं दिसली की घेणारा खूश होतो. चंडीगढच्या खुर्चीवर खात्याचा नंबर सापडतो, सुताराचं नाव नाही. लिलावाच्या यादीत सगळ्यांवर जानरे. युली चौधरींचा उल्लेखसुद्धा उशिरा आणि कधीमधी. यादीत नाव कोणाचं लागतं यावर भाव ठरतो, आणि ते नाव लावायचं काम विकणाराच करतो.

लाकडाच्या बाबतीत एक जोड आपल्याकडून. मार्टिन कंपनी आपल्या नामांकित गिटारींना ब्राझीलचं शिसव वापरायची. ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवणं थांबवल्यावर १९६९पासून ती भारतीय शिसवाकडे वळली, म्हणजे आपल्या दक्षिणेतल्या जंगलांतल्या लाकडाकडे. संग्राहक तेव्हापासून १९६९च्या आधीची मार्टिन शोधत फिरतात आणि नंतरचीला नाक मुरडतात. डोळे बांधून ऐकवलं तर किती जणांना फरक कळेल, याबद्दल मी इथे पैज लावणार नाही, पण मनात लावलेली आहे.

विकून न हळहळलेल्यांचीही दोन उदाहरणं हाताशी असू द्यावीत. गिटारवादक पीटर ग्रीनने आपली १९५९ची लेस पॉल १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तरुण गॅरी मूरला शंभरेक पौंडांत देऊन टाकली. मूरने आपली गिटार विकून जे येईल ते द्यावं, एवढीच अट. तिचा तो वेगळा, नाकातला आवाज एका पिकअपमधलं चुंबक उलटं बसल्यामुळे होता असं सांगतात; म्हणजे कारखान्याच्या हिशोबाने तो बिघाडच. मूरने ती तीसेक वर्षं वाजवली, मग त्यालाही विकावी लागली, आणि २०१४पासून ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे, आणि तो ती वाजवतो. दुसरा गिटारवादक डेव्हिड गिलमोर. १९७०ला न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली काळी स्ट्रॅट त्याने २०१९ला न्यूयॉर्कमध्येच क्रिस्टीजच्या लिलावात काढली, आणखी सव्वाशे गिटारींसकट. एकट्या काळीला ३९,७५,००० डॉलर आले, सगळ्या मिळून दोन कोटींवर, आणि ते पैसे हवामानबदलावर कोर्टकचेऱ्या लढवणाऱ्या एका संस्थेला गेले. गिलमोरसारख्याला हे परवडतं, ही तक्रार खरी आहे. ग्रीनला तेव्हा परवडत नव्हतं, तरी त्याने दिली.

उलट्या टोकाला राखून ठेवणारे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं, लोकांनी अडगळीत टाकलेलं जे जे दिसलं ते जमवलं, लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय केलं आणि अख्खा संग्रह सरकारला देऊन टाकला. चंडीगढमध्ये रस्ते खात्यातल्या नेकचंद यांनी १९५७च्या सुमारास, नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा गुपचूप जंगलात नेऊन त्यातून मूर्ती उभ्या करायला सुरुवात केली. तेच १९७६ला उघडलेलं रॉक गार्डन. खुर्च्या कंडम करणाऱ्या कचेऱ्यांपासून ते फार लांब नाही. या दोघांनी वस्तू जमवताना पुढे भाव येईल असा विचार केला असता तर दोघांनीही दुसऱ्याच वस्तू जमवल्या असत्या.

पुस्तकात किमतींचा तक्ता नाही, ‘जुनी गिटार कशी ओळखावी’ असं प्रकरण नाही. ज्यांना ते हवं त्यांनी दुसरीकडे बघावं. मला स्वतःला सगळ्यात आवडले ते, विकून आलेल्या पैशाचं काय केलं हे न लाजता सांगणारे लेख. एकाने त्यातून हार्मोनिअम घेतली. ते वाचताना मला त्या गिटारीबद्दल काहीही वाटलं नाही.

एक उणीव राहिली आहे. विकणारे लिहितात, हुकलेले लिहितात. ज्यांनी त्या गिटारी पडत्या भावात विकत घेतल्या आणि आज ज्यांच्या कपाटात त्या आहेत, त्यांच्यातल्या एकानेही लेख दिला नाही. संपादकांनी बऱ्याच जणांना विचारलं होतं. कोणी वेळ नाही म्हणालं, कोणी नाव येऊ देऊ नका म्हणालं, एकाने उलट विचारलं की आणखी कोणाकडे विकायला आहे का. दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्यासाठी जागा ठेवली आहे असं मला सांगण्यात आलं आहे.